सहस्रचंद्रदर्शनाचं अधिकृत छायाचित्र

त्या शनिवारी सकाळी मी एक छोटासा निर्णय घेतला. आज मोठा कॅमेरा बाहेर काढायचा नाही.

तसा हा निर्णय अगदी किरकोळ. याहून मोठे निर्णय मी नेहमी घेतो. चहात साखर नको, सुट्टीच्या दिवशी दाढी नको, बॉसच्या ईमेलला सोमवारच्या आत उत्तर नको. ते सगळे सुखरूप पार पडतात. (साखरेचा तेवढा पडत नाही.) पण हा निर्णय घ्यायला मी दिवस चुकीचा निवडला. त्याच दिवशी आमच्या नेपरव्हिलच्या घरी माझ्या सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं.

माणसाचं एक्याऐंशीवं लागलं, म्हणजे त्याने हजार पौर्णिमा पाहिल्या असा हिशोब धरतात आणि घरचे सोहळा करतात. माझे सासरे पुरुषोत्तमराव, म्हणजे आमचे नाना, अमरावतीच्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. हजार चंद्रांनी त्यांना पाहिलं असेल, पण हसताना एकाही चंद्राने पाहिलं असेल की नाही, याची मला शंका होती. नाना आणि सासूबाई उन्हाळ्यासाठी सातासमुद्रापलीकडून आमच्याकडे आले होते आणि मंगळवारी परत निघणार होते. नानांचे गुडघे आता विमानाच्या सीटशी जमवून घेत नाहीत. "हा आमचा शेवटचा लांबचा प्रवास," असं त्यांनी आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, शाळेत सुट्टीची सूचना वाचून दाखवावी तसं.

त्यामुळे माझ्या बायकोने, उत्तराने, माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

"मला एक फोटो हवाय. आई आणि नाना, दोघं एकत्र, हसताना. तो मोठा प्रिंट करून, फ्रेम करून मंगळवारी त्यांच्या बॅगेत घालायचाय. एवढं तू करशील?"

'एवढं तू करशील?' या प्रश्नामागे इतिहास आहे. तो थोडक्यात सांगतो.

आमची मुलगी कादंबरी जन्मली तेव्हा माझ्याकडे साबणाच्या वडीएवढा एक कॅमेरा होता. त्याने मी दिसेल त्याचे फोटो काढत असे. बाळाचे, बाळाच्या मोज्यांचे, बर्फात अडकलेल्या गाडीचे, शेजाऱ्याच्या मांजराचे. फोटो बरे यायचे, अल्बम भरायचे. मग मी फोटोग्राफी शिकायचं मनावर घेतलं. तिथेच सगळं बिघडलं. गुरू कुणी नव्हता, सगळं आपलं आपणच. रात्ररात्र व्हिडिओ पाहिले. मग मोठा कॅमेरा आला. मग लेन्स आली. लेन्स हा जीव एकटा राहू शकत नाही, त्यामुळे तिच्या सोबतीला दुसरी आली, दोघींना राहायला बॅग आली, बॅगेला टेकू म्हणून ट्रायपॉड आला. माझा मित्र श्रीराम त्या बॅगेला 'चारूचं बिऱ्हाड' म्हणतो. (चारू म्हणजे मी, चारुदत्त.)

बिऱ्हाड वाढलं तसे फोटो कमी झाले. गुढीच्या तांब्यावरची चमक कमी कशी करावी याचा मी इतका विचार केला, की गुढी उतरवायची वेळ झाली. श्रीरामच्या मुलाच्या मुंजीत मी बटूला पुन्हा पुन्हा भिक्षा मागायला लावली. शेवटी तो "आय ॲम नॉट हंग्री" म्हणून झोळी खाली ठेवून निघून गेला. तो मुलगा आता स्वतः गाडी चालवतो. मुंजीचे फोटो अजून माझ्या हार्ड डिस्कवर आहेत. एडिट करायचेत.

पुढे पुढे बॅग उघडावीशीच वाटेना. एकदा थंडीत आमच्या डेकवर लालभडक कार्डिनल पक्षी येऊन बसला. मी खिडकीत उभा. मनात म्हटलं, याला मोठी लेन्स लागेल, ती बॅगेत खाली आहे, वरचं सगळं काढावं लागेल. तेवढ्यात तो उडाला आणि मला चक्क हायसं वाटलं. फोटो काढावा लागला नाही म्हणून! त्या दिवशी मात्र मला स्वतःची जरा काळजी वाटली. बॅग मी क्लोजेटमध्ये, जाड कोटांच्या मागे ठेवून दिली.

आता त्या शनिवारकडे येतो.

आदल्या आठवड्यात एका व्हिडिओत एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ म्हणाले होते, फोटो काढायची इच्छा मेली असेल तर साध्यातला साधा कॅमेरा हातात घ्या. ते माझ्या मनात घोळत होतंच. सकाळी मी फोल्डिंग खुर्च्या आणायला बेसमेंटमध्ये उतरलो. तिथे दान करायच्या वस्तूंच्या खोक्यात सगळ्यात वर कादंबरीचा लहानपणीचा कॅमेरा पडला होता. आकाशी रंगाचा, गोल कडांचा, गळ्यात अडकवायला पिवळी दोरी. त्याच्या डबीवर लिहिलं होतं, वय वर्षं तीन ते आठ. (यातली वरची अट मी मनावर घेतली नाही.)

मी तो चार्ज केला. पुढच्या काचेवर धूळ होती, म्हणून कॅमेरा तोंडाजवळ धरला, एक डोळा बारीक केला आणि गाल फुगवून जोरात फुंकर मारली. तेवढ्यात कॅमेऱ्यातून आवाज आला.

"क्वॅक!"

मी दचकलो. नकळत बटण दाबलं गेलं होतं आणि फोटो काढला की हा कॅमेरा बदकासारखा ओरडत होता. मागच्या स्क्रीनवर काहीतरी उमटलं. पण तो स्क्रीन पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि माझा वाचायचा चष्मा वरच्या मजल्यावर. जाऊ दे म्हटलं. फोटो निघतोय ना? एक बटण, एक आवाज. लेन्स बदलायची नाही, आकडे जुळवायचे नाहीत. मी तिथेच खुर्च्यांचे दोन फोटो काढले. मग भिंतीवरच्या कोळ्याचा काढला. कोळ्याला मोठी लेन्स लागते हा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही.

पिवळी दोरी गळ्यात घालून मी वर आलो. कादंबरी कॉलेजमधून शनिवार-रविवारसाठी घरी आली होती.

"बाबा, दॅट्स माय किंडरगार्टन कॅमेरा."

"बरोबर."

"फॉर आजोबाज फंक्शन? आर यू ओके?"

उत्तरा पुरणाचं पातेलं हलवत होती. तिने आधी माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गंमत करतोयस ना?"

"अगं, फोटो कॅमेरा काढत नाही, नजर काढते."

"मग नजरेने काढ. तो खाली ठेव. आणि नाहीतर सरळ फोनने काढ ना, सगळं जग काढतं."

"माझा फोन राधिकाच्या व्हिडिओ कॉलला लागणार ना?"

राधिका म्हणजे उत्तराची धाकटी बहीण, पुण्यात असते. माझा फोन दिव्याच्या स्टँडला चिकटपट्टीने बांधून तिला सोहळा दाखवायचं आधीच ठरलं होतं.

"मग माझ्या फोनने काढ."

"तो टोपलीत जाणार."

इथे टोपलीचं सांगायला हवं. आमच्या मित्रमंडळींत माझाच एक नियम होता. कार्यक्रमाला आलेल्याने दारातच आपला फोन टोपलीत ठेवायचा. कारण माझ्या आजवरच्या फोटोंत माणसांच्या तोंडांच्या जागी फोनच दिसत. मी हा नियम इतक्या कडकपणे पाळायला लावला होता, की लोक आता बूट काढायच्या आधी फोन काढत. घरच्यांनाही सूट नव्हती.

"चारू," उत्तरा शांतपणे म्हणाली. (ती ओरडली तर मी घाबरत नाही. शांतपणे बोलली की घाबरतो.) "आई-नाना पुन्हा येणार नाहीत. मला एक फोटो हवाय. तो आला नाही तर मी तुझ्या बिऱ्हाडासकट तुला दान करीन."

"येईल. शब्द देतो."

तिने पुरणाकडे तोंड फिरवलं. तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या ड्राइव्हवेवर लागायला लागल्या आणि कॅमेरा माझ्या गळ्यातच राहिला.

पूजा सांगायला आमचा श्रीरामच होता. सोमवार ते शुक्रवार तो एका विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळतो आणि शनिवार-रविवार सोवळं नेसून नेपरव्हिलकरांची कार्यं पार पाडतो. नाना रेशमी धोतर नेसून पाटावर बसले. शेजारी सासूबाई, म्हणजे नंदाताई, हिरव्या नऊवारीत. ओवाळायला एक्याऐंशी दिवे मांडले होते. त्यातलं एक निरांजन खरं, बाकीचे बॅटरीवरचे. (गेल्या दिवाळीत खऱ्या पणत्यांनी आमचा स्मोक अलार्म एवढा ओरडला होता, की शेजारचे आजोबा पायजम्यात बाहेर येऊन थांबले होते.)

श्रीरामने पुण्याहवाचन सुरू केलं. खोलीत गंभीर शांतता. नाना नेहमीसारखे बसले होते, पाठ ताठ, हनुवटी वर, नजर समोरच्या भिंतीवर. फोटो निघणार म्हटलं की त्यांचा असाच पासपोर्ट व्हायचा. मी गुडघ्यावर बसलो, नेम धरला आणि बटण दाबलं.

"क्वॅक!"

श्रीराम मंत्रात अडखळला. सगळ्यांनी मागच्या काचेच्या दाराकडे पाहिलं. आमच्या घरामागे तळं आहे, तिथे बदकं आणि हंस असतात, अधूनमधून दारापर्यंत येतात.

"दार उघडं राहिलं का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई, बंद आहे."

श्रीरामने पुन्हा सुरुवात केली. मी जागा बदलली. क्वॅक!

"आत आलंय ते!" सासूबाई पाटावरून उठल्या. "सोफ्याखाली गेलं असेल. कादंबरी, ते नॅपकिन दे मला."

"आई, पूजा चालू आहे," उत्तरा म्हणाली.

"म्हणूनच म्हणते. नैवेद्य उघडा आहे!"

बघता बघता दोन पाहुणे पालथे पडून सोफ्याखाली घुसले. कुणीतरी टॉर्च लावायला फोन शोधायला लागला, पण फोन टोपलीत. सासूबाई नऊवारीचा काष्टा सावरत, नॅपकिन फडकावत "हुर्र, हुर्र" करत खोलीभर फिरायला लागल्या. स्टँडवरच्या फोनमधून पुण्याहून राधिका ओरडत होती, "डावीकडे बघा, पडद्यामागे! आई, डावीकडे!" तिला स्वतःला काहीच दिसत नव्हतं, पण लांबून सूचना देण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

मला खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण काय झालं माहितेय? सासूबाईंचा तो आवेश, श्रीरामचं अर्ध्यात थांबलेलं तोंड, सोफ्याखालून बाहेर आलेले चार सुशिक्षित पाय, हे सगळं एवढं सुंदर होतं, की माझं बोट थांबेना. क्वॅक! क्वॅक!

"थांबा!" नानांचा आवाज आला, मुख्याध्यापकाचा, वर्ग एका क्षणात गप्प करणारा. सगळे जागच्या जागी थिजले. नानांनी सावकाश बोट माझ्या छातीकडे रोखलं.

"बदक तिथे आहे."

सगळ्यांनी माझ्या गळ्यातल्या आकाशी डबीकडे पाहिलं.

"हे काय आहे, चारुदत्तराव?"

"कॅमेरा आहे, नाना."

"तो ओरडतो?"

"फोटो काढला की ओरडतो."

"पुन्हा काढा बघू."

मी काढला. क्वॅक. नानांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"अजून एक."

क्वॅक! आणि नाना हसले. म्हणजे हसायला लागले, हे जास्त बरोबर होईल, कारण ते मग थांबेनातच. आधी खांदे हलले, मग पोट, मग पाट. सासूबाई नॅपकिन हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्याच नॅपकिनने डोळे पुसत त्यासुद्धा हसायला लागल्या. मला दुसरं काय हवं होतं? मी काढत सुटलो.

त्यानंतरची सगळी पूजा बदकाच्या साथीने झाली. श्रीरामने मंत्रात जिथे श्वास घ्यायची जागा असते तिथे माझ्याकडे बघून मान हलवायची, मी बटण दाबायचं. ओवाळताना बायकांनी दिवे माझ्याकडे वळवून धरले. मी जमिनीवर आडवा झालो, खुर्चीवर चढलो, देव्हाऱ्याच्या मागून काढले, पंगतीत पुरणपोळीवर पडणाऱ्या तुपाच्या धारेचे काढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला कुणी 'चारू, पान वाढलंय, आता पुरे' म्हणालं नाही, कारण माझ्यामुळे कुणाचं काही अडतच नव्हतं. उलट लोक मला हाका मारून बोलवत होते. कादंबरी जन्मली तेव्हा मी असाच फोटो काढत असे, हे मला एकदम आठवलं.

एवढ्या आनंदात मी माझी जुनी शिस्त मात्र सोडली नव्हती. मोठ्या कॅमेऱ्यावर मी अंगठ्याने मागचं बटण दाबून फोकस करतो. जाणकार तसंच करतात. ते शिकायला मला दोन हिवाळे लागले होते. या कॅमेऱ्यालाही मागे अंगठ्याजवळ एक बटण होतं. दर फोटोआधी मी ते सवयीने दाबत होतो आणि कंपनीने मुलांच्या कॅमेऱ्यालासुद्धा ही सोय दिली म्हणून मनातल्या मनात तिचं कौतुक करत होतो.

दुपारी पाहुणे पांगले. श्रीराम चहासाठी थांबला. नाना वामकुक्षीला गेले. "दाखव," उत्तरा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी माझ्याविषयी आशा दिसत होती. मी ऐटीत कार्ड लॅपटॉपला लावलं, लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि वाचायचा चष्मा डोळ्यांवर चढवला. सुरुवातीचे बेसमेंटमधले फोटो भराभर पुढे ढकलून मी थेट पूजेवर आलो.

पंचावन्न इंची टीव्हीवर नाना प्रकटले. रेशमी धोतर, ताठ पाठ, वर केलेली हनुवटी. आणि डोक्यावर सशाचे दोन लांब गुलाबी कान.

 मी पुढचा फोटो लावला. त्यात सासूबाईंना समुद्री चाच्याच्या झुबकेदार मिशा आणि एका डोळ्यावर काळी पट्टी होती. हातात नॅपकिन असल्यामुळे त्या जहाजावर चढाई करत आहेत असंच वाटत होतं. पुढच्यात श्रीरामच्या डोक्यावर राजाचा मुकुट. ओवाळणीच्या फोटोत सगळ्या सुवासिनींना मांजराच्या मिशा. तुपाच्या धारेमागून डायनोसॉर डोकावत होता.

"बाबा," कादंबरी हळूच म्हणाली, "मागचं बटण प्रेस केलंस का?"

"फोकससाठी."

"दॅट चेंजेस द फ्रेम."

"मग काढून टाक ना."

"कान्ट. फोटोतच सेव्ह होतात. दे आर देअर फॉरेव्हर."

"पण यार, मानलं पाहिजे," श्रीराम टीव्हीजवळ जाऊन बारकाईने बघत म्हणाला, "कान बरोबर डोक्यावर बसलेत. मापाने शिवल्यासारखे."

ते खरं होतं. चौकटीत डोकं नेमकं कुठे यावं हे मी इतकी वर्षं घोटलेलं आहे. एखाद्या नवशिक्याने काढले असते तर कान एकीकडे आणि नाना दुसरीकडे, असं होऊन निदान काही फोटो तरी वाचले असते. माझ्या अभ्यासामुळे एकही वाचला नाही.

उत्तरा उठून स्वयंपाकघरात गेली. आधी नळाचा आवाज आला. मग भांड्यांचा. धुतलेली भांडी ती पुन्हा धुवत होती. मी मागोमाग गेलो.

"उत्तरा, मोठा कॅमेरा काढतो. उद्या दोघांना परत तसंच बसवू. धोतर, नऊवारी, सगळं."

"ते हसणं परत बसवशील?" तिने विचारलं. ओरडली नाही. "चारू, माझ्या नानांना मी आज पहिल्यांदा असं हसताना पाहिलं. माझ्या लग्नात नाही, कादंबरीच्या बारशाला नाही. ते एकदा झालं आणि तू त्याला कान लावलेस."

 मी पुसायला फडकं घेतलं.

तेवढ्यात बाहेरून नानांचा आवाज आला. "हा मनुष्य कोण आहे?"

आम्ही दोघं धावत बाहेर आलो. नाना झोपेतून उठून टीव्हीसमोर उभे होते. पडद्यावर तो फोटो होता, नानांच्या 'अजून एक'नंतरचा. नानांचं तोंड पूर्ण उघडं, डोळे मिटलेले, मान मागे, हात सासूबाईंच्या खांद्यावर. शेजारी सासूबाई, नॅपकिन डोळ्यांना लावून. दोघांच्याही डोक्यावर सशाचे कान. नानांचा एक थोडा वाकलेला.

"नाना, सॉरी," मी म्हणालो. "कॅमेऱ्यात काहीतरी..."

नानांनी हात वर करून मला गप्प केलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. श्रीरामने चहाचा कप हळूच खाली ठेवला.

"कवळी चांगली बसवलीय हो अमरावतीच्या डॉक्टरने," नाना म्हणाले. "मला कधी दिसलीच नव्हती."

सासूबाई मागून आल्या. "दिसणार कशी? आपल्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तुम्ही असे बसलात, जसं काही माझ्या वडिलांनी तुम्हाला बाकावर उभं केलंय."

"मुख्याध्यापकाने पोरांसमोर हसायचं नसतं, नंदा."

"निवृत्त होऊन किती वर्षं झाली?"

नानांनी नाकावरचा चष्मा सारखा केला. "आता चालेल असं कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "चारुदत्तराव, हाच फोटो मोठा करा. दिवाणखान्यात लावायचाय."

"नाना, कान आहेत त्याला," उत्तरा म्हणाली.

"मला दिसतात कान. चष्मा लावलाय मी. राहू देत. सरळ फोटो भरपूर आहेत माझे, शाळेच्या ऑफिसात एक अजून टांगलेला आहे. त्याच्याखाली मुलं घाबरून उभी राहतात."

उत्तराने नानांकडे पाहिलं, मग टीव्हीवरच्या नानांकडे, आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता रडली. मी फडकं पुढे केलं. तिने माझा हात बाजूला करून पदराने डोळे पुसले, पण माझ्याच खांद्याला टेकून पुसले, हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मी फार्मसीतल्या फोटो काउंटरवर (इकडे फोटोही औषधांच्या दुकानातच छापून मिळतात) प्रिंट आणायला गेलो. तिथल्या मुलीने फोटो पाहिला आणि म्हणाली, "ऑ, सो क्यूट! हूज बर्थडे?"

"माझ्या सासऱ्यांचा," मी म्हटलं. "एक्याऐंशीवा."

मंगळवारी फ्रेम नानांच्या स्वेटरमध्ये गुंडाळून हातातल्या बॅगेत गेली. विमानतळावर तपासणीला त्यांची बॅग उघडायला लावली म्हणे. अधिकाऱ्याने फ्रेम पाहिली, पासपोर्टवरचा फोटो पाहिला, नानांकडे पाहिलं आणि फ्रेमकडे बोट दाखवून म्हणाला, "धिस वन लुक्स मोअर लाइक यू." हे नानांनी अमरावतीला पोचल्यावर फोनवर स्वतः सांगितलं. सांगताना मध्येच त्यांना हसू आवरेना, म्हणून उरलेलं सासूबाईंनी सांगितलं.

मोठी बॅग अजून कोटांच्या मागेच आहे. आकाशी कॅमेरा किल्ल्यांच्या खुंटीवर टांगलेला असतो. परवा डेकवर कार्डिनल आला तेव्हा मी तसाच मोज्यांवर बाहेर धावलो आणि त्याचा फोटो काढला. क्वॅक ऐकून तो उडाला. पण फोटो आलाय. त्याला मुकुट आहे आणि तो त्याला शोभतो. मित्रमंडळींतही मला मागणी वाढली आहे. आपला चारू आता कसे झटपट आणि जिवंत फोटो काढतो, असं लोक म्हणायला लागले होते. मीही जरा ताठ चालायला लागलो होतो.

अशातच गेल्या रविवारी राधिकाचा व्हिडिओ कॉल आला. ती अमरावतीला आई-नानांकडे गेली होती. कादंबरीने त्या दिवसाचे सगळे फोटो, अगदी पहिल्यापासून, तिला पाठवले होते.

"जिजू, काय फोटो आहेत! आम्ही तिघं बसून एकेक फ्रेम ओळखत होतो. ससा ओळखला, चाचा ओळखला, मांजर, राजा, डायनोसॉर, सगळं ओळखलं. फक्त पहिल्याच फोटोवर अडलोय."

"कुठला पहिला?"

"तुमचाच आहे ना तो. गाल हे एवढे फुगलेले, नाकपुड्या मोठ्या, एक डोळा बारीक. नाना म्हणतात पाणघोड्याची फ्रेम आहे. आई म्हणते बेडकाची. पैज लागलीय त्यांची. कुठली आहे हो? आणि इतकी खरी कशी वाटते?"

मी कादंबरीकडे पाहिलं. तिने लॅपटॉप उघडला, तो फोटो मोठा केला आणि ओठ घट्ट मिटून माझ्याकडे पाहिलं.

"बाबा," ती कुजबुजली, "देअर इज नो फ्रेम ऑन दॅट वन."

बेसमेंटमधली ती फुंकर. तेव्हा मी मागचं बटण अजून दाबलेलं नव्हतं. फोनवर पलीकडे तिघंही उत्तराची वाट बघत होते. नाना तर कॅमेऱ्यात वाकून, चष्मा नाकावर आणून, निकालाच्या दिवशी मुलं थांबतात तसे थांबले होते.

"पाणघोडा," मी म्हणालो. "नाना, तुम्ही बरोबर ओळखलंत."